धवलारणीचं तोंड

नायगावच्या खाडीकाठच्या त्या पाड्यात चांगुणाचा आवाज ओळखत नाही असं माणूस नव्हतं, आणि तिचं तोंड नीट पाहिलंय असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी यायचा तेव्हा येतो, पण मांडव खऱ्या अर्थानं उभा राहतो तो धवलारणीच्या गाण्यावर. ती गाऊन देवांना आवतण देते, एकवीरेला बोलावते, गावदेवीला बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं हाक मारते. त्या हाका झाल्या की मग नवरीला हळद. धवलारीण विधवा असली तरी त्या गावात चालायचं. एरवी जिला शुभकार्यात मागच्या पडवीत बसवायचं, तिलाच त्या दिवशी मांडवाच्या मधोमध पाट द्यायचा, ही गावाची सोय होती. गाव सोयीच्या बाबतीत फार हुशार असतं.

चांगुणाचे वरचे दात पुढे होते. थोडेथोडके नव्हे, ओठ ओलांडून बाहेर, आणि त्यातही जागा न मिळाल्यासारखे एकमेकांवर चढलेले. माहेरी लहानपणी पोरं तिला 'किसनी' म्हणायची, खोबरं किसायची ती किसणी. पोर हसली की सगळे हसायचे, म्हणून तिनं हसणं सोडलं आणि तोंडावर हात धरायला शिकली. लग्न झालं तेव्हा हाताच्या जागी पदर आला. नवरा मिठागरावर कामाला, भला माणूस. घरात दोघंच असली की म्हणायचा, "पदर खाली घे गो, मना तुजा तोंड बगू दे." तो एकटाच असं म्हणणारा होता, आणि तोही लग्नानंतर फार वर्षं राहिला नाही. तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. मग चांगुणा थोरल्या दिराच्या, रामनाथच्या घरात कोपऱ्यातल्या खोलीत राहिली, सासूकडून धवले, म्हणजे ही लग्नातली गाणी, शिकली आणि सासू गेल्यावर गावची धवलारीण झाली. आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसाला कळावं, आज अमक्याच्या घरी मांडव आहे. पण गाताना पदर तोंडावर, डोळे तेवढे उघडे. गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटत असावं.

नव्वदीच्या दशकात लग्नांमध्ये व्हिडिओ शूटिंगची टूम निघाली. विरारच्या मनवेलपाड्यातला विघ्नेश नावाचा तरुण खांद्यावर कॅमेरा टाकून या गावची लग्नं करायचा. सत्त्याण्णव साली शेजारच्या घरच्या लग्नाची कॅसेट आली तेव्हा सगळा पाडा टीव्हीपुढे जमला. चांगुणाही दाराशी बसली. कॅसेट लांबलचक. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिचाच आवाज. पडद्यावर मात्र नवरीचे हात, उंबराची फांदी, हळदीचं ताट, जेवणाच्या पंगती, करवल्यांच्या साड्या, अगदी दाराशी बांधलेली बकरीसुद्धा. चांगुणा कुठेच नाही. एकदा तिच्या पदराचं टोक दिसलं आणि कॅमेरा चटका बसल्यासारखा दुसरीकडे वळला.

पुढच्या लग्नात तिनं विघ्नेशला बाजूला घेऊन विचारलं. तो बिचारा कानकोंडा झाला. म्हणाला, "मावशी, माझी काय चूक नाय. रामनाथशेटनी सांगितलेलं, गावातलं कुठलंबी लग्न असू दे, धवलारणीचा आवाज घे, तोंड नको घेऊ. पाहुण्यांच्या घरी कॅसेट जाते ना."

त्या दिवशी चांगुणा घरी जाऊन रडली नाही. तिला राग आला, खरा राग. इतकी वर्षं तिला वाटत होतं की पदर ती स्वतः धरते, स्वतःच्या लाजेपायी. आता कळलं की तिनं तो काढला असता तरी कोणीतरी परत चढवलाच असता.

त्यानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. रामनाथची मुलगी रीमा कॉलेज संपवून घरी होती आणि तिला एक स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना मुलगी पसंत होती, फक्त निरोपात एक शेपूट जोडलेलं होतं: वरचा सुळा जरा तिरका आहे, तेवढा सारखा करून घ्या. रामनाथनं लगेच चक्रं फिरवली. गावात कोणाच्या शेताच्या बांधावरून भांडण झालं तर महिनोन्महिने हलणार नाही असा माणूस, पण मुलीच्या एका दातासाठी आठवड्याच्या आत वसईच्या डॉक्टरची वेळ घेऊन आला. सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून चांगुणाला पाठवलं.

डॉक्टर सेलिन ही वसईजवळच्या वटार गावची मुलगी. घरच्या केळीच्या बागा, बाप पहाटे भाजी घेऊन बाजारात जाणारा. तिनं दातांचं शिक्षण घेतलं, वर आणखी शिकली आणि पारनाक्याजवळ दवाखाना टाकला. दाराबाहेर पाटी होती, नावाखाली मोठ्या अक्षरांत 'ऑर्थोडॉन्टिस्ट'. चांगुणा चौथीपर्यंत शिकलेली. बाकावर बसल्या बसल्या तिनं ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि तिला काही अर्थ लागला नाही.

रीमाचे दात पाहून सेलिन म्हणाली, "हिचं काही करायची गरज नाही. चावणं नीट आहे, हिरड्या छान आहेत. सुळा जरा तिरका आहे, तो तिला शोभतो."

"पण स्थळवाल्यांना..." रीमा पुटपुटली.

"स्थळवाल्यांचे दात घेऊन या, तेही तपासून देते."

रीमा खदाखदा हसली. चांगुणालाही हसू आलं, अर्थातच पदराआड. मग तिनं विचारलं, "बाय, भायेर पाटीवर ता कं लिवलाय? दाताचे डॉक्टर मी बगलेत, त्ये असा नाय लिवत."

दुसरी एखादी डॉक्टर असती तर 'दात सरळ करतात' एवढं सांगून मोकळी झाली असती. पण त्या दिवशी दवाखान्यात गर्दी नव्हती आणि सेलिनला आपल्या कामाचा शब्द आवडत असावा. ती स्टूल ओढून समोर बसली.

"हा शब्द आपला नाही, आणि मुळात इंग्रजांचाही नाही. ग्रीक लोकांचे दोन जुने शब्द आहेत. 'ऑर्थोस' म्हणजे सरळ, उभं, नीट. आणि 'ओदोन्तोस' म्हणजे दाताचं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या दातांच्या डॉक्टरांनी हे दोन जोडून या कामाला नाव दिलं, तिथून ते इंग्रजीत गेलं आणि फिरत फिरत माझ्या पाटीवर आलं. हाडांच्या डॉक्टरला ऑर्थोपेडिक म्हणतात ना, त्यातला ऑर्थो हाच. तिथे पुढचा तुकडा मूल या अर्थाचा आहे. आधी ते काम मुलांची वाकडी हाडं सरळ करायचं होतं."

चांगुणा म्हणाली, "म्हंजे हाराच्या शब्दान पोर हाय. दाताच्या शब्दान कं हाय? पोर हाय?"

"नाही."

"लगीन हाय?"

सेलिननं तिच्याकडे नीट पाहिलं. "नाही, लग्न नाही."

"कवारी, लगीन झालेली, रांडलेली, असा काय?"

"काहीच नाही. सरळ आणि दात, एवढंच."

"आन ता नीट म्हंजे कं? माजे दात चुकीचे?"

सेलिन म्हणाली, "त्या शब्दात 'योग्य' असाही अर्थ येतो, खोटं कशाला सांगू. पण मी इतकी तोंडं पाहते, मला नाही तसं वाटत. वाकडा दात चुकीचा नसतो. जबड्यात त्याला जागा मिळालेली नसते, म्हणून तो मिळेल तिकडून बाहेर येतो. मी त्याला जागा करून देते आणि हळूहळू ओढून आणते. बस."

चांगुणानं रीमाला उठवलं आणि स्वतः त्या खुर्चीत जाऊन बसली. पदर खाली घेतला. परक्या माणसापुढे पदर खाली घेण्याची तिची ती आयुष्यातली पहिली वेळ, आणि तिचे कान तापले होते. सेलिननं दिवा वळवला, आत पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तोंड मिटलं की खालचे दात वर टाळूत रुतत होते. तिथे जुनी जखम होती, बरी होऊन पुन्हा चिघळणारी.

"दुखत नाही?"

"दुकतं. पन सगल्यांनाच दुकत असंल, असा वाटाचा."

सेलिननं तिला काही लपवलं नाही. जागा करायला काही दात काढावे लागतील. मग प्रत्येक दातावर एक बारीक धातूची टिकली चिकटवायची, त्यांतून तार ओवायची, आणि दर महिन्याला येऊन ती आवळून घ्यायची. दोन वर्षं, कदाचित जास्त, कारण वय चाळिशीचं आहे आणि या वयात हाड सावकाश ऐकतं. ओठ सोलवटेल. भाकरी कालवणात भिजवून खावी लागेल. आणि मिश्री आजपासून बंद.

"गाना?"

"सुरुवातीला जीभ अडखळेल. मग सवय होईल."

"मंग बांद," चांगुणा म्हणाली. "पैसा माज्या गल्याचा हाय, कोनाला इचारायचा नाय."

गावात जे व्हायचं ते झालं. दात काढले तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, पण तार बसल्यावर सार्वजनिक नळावर दुसरा विषय उरला नाही. रीमानं तार बांधली असती तर बायांनी कौतुक केलं असतं. लग्नाच्या मुलीसाठी केलेला खर्च तो खर्च. पण चाळिशीच्या विधवेनं? एक जण नळाखाली हंडा धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आथा कोनाला दाखवाचेत गो दात?"

"मना," चांगुणा म्हणाली. "आरशान मीच दिसतंय ना. तुजा तोंड नाय दिसत." तिनं आपला हंडा भरला आणि निघून गेली.

बोलणं सोपं होतं, पुढचं नाही. तार आवळून आली की पुढचे चार दिवस पाण्याचा घोटसुद्धा ठणकायचा. मिश्रीवाचून हात कासावीस व्हायचे. जुन्या धवल्यांमधले स आणि च जिभेवरून घसरायचे, शिट्टीसारखे ऐकू यायचे. ती दार लावून, आरसा समोर ठेवून, पदर कमरेला खोचून तेच तेच गात राहायची. रडायला यायचं तेव्हा रडायची आणि पुन्हा सुरू करायची. दाराबाहेर मात्र पदर अजून तोंडावरच होता. सवय मोडत नव्हती, आणि आता झाकायला दातांबरोबर लोखंडही होतं. या गोष्टीची तिला मनस्वी चीड यायची. घरात कोणी नसताना एवढी शूर, आणि उंबरठा ओलांडला की हात आपोआप वर! शेवटी तिनं ठरवलं. स्थळवाल्यांनी सुळा तसाच चालवून घेतला होता आणि रीमाचं लग्न पुढच्या वर्षी होतं. रीमाच्या मांडवात, सगळ्या गावासमोर, पदर खाली घेऊन गायचं. दात तोवर सरळ होणार नव्हते, हे तिला सेलिननं सांगितलं होतं. न होवोत. तार असताना जमलं नाही तर तार निघाल्यावरही जमणार नाही, हे तिला पक्कं कळून चुकलं होतं.

तिनं हे रीमाला सांगितलं. रीमानं भाबडेपणानं आईला सांगितलं. आईकडून ते रामनाथकडे गेलं, आणि रामनाथ दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाच्या दारात उभा.

"तोंडान लोखंड घेवून देवाला आवतन देतात कं कवा?" तो म्हणाला. "कार्यान अपशकुन नको. चार दिस तार कारून टाक, मागशी परत बशीव."

"चार दिसान केल्याली सगली मेहनत जाल. नाय काराची."

"मंग पदर घट धर. कोनाला दिसाला नको."

"त्यो पन नाय धराची."

रामनाथचा पारा चढला. "लोखंड अशुभ हाय, आयकतेस कं?"

"भावजी, नवऱ्याच्या हातान कट्यार देता, ती कं केलीच्या सोपाची असते?"

हळद लागल्यापासून नवरदेवाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार असते, ती चांगल्या पोलादाची असते आणि तिच्यावाचून आजवर कोणाचं लग्न लागलेलं नाही. पण समोरच्याचं खरं असलं की माणूस मागे हटतोच असं नाही. तो घरचा कर्ता होता. "मी दुसरी धवलारीन आनीन," म्हणाला आणि गेला. आणि खरंच आणली, भिवंडीकडची.

चांगुणाला ते लागलं. लागलं म्हणजे जेवण जाईना. रीमा तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती. तिच्या मांडवात परक्या बाईनं गायचं आणि आपण भिंतीआडून ऐकायचं! रीमानं येऊन गळ्यात पडून माफी मागितली, बापाशी भांडतेही म्हणाली. चांगुणा म्हणाली, "तू नको भांडू. तुजा लगीन हाय, गुमान हलद लावून घे." एकदा तिच्या मनात आलं, धरावा पदर, काय बिघडतं, इतकी वर्षं धरलाच की. आरशासमोर धरूनही पाहिला. पण तिच्यानं तो धरवेना. आणि मांडवाच्या दिवशी सकाळी ती नेसून सवरून आपल्या खोलीत, दार सताड उघडं टाकून बसून राहिली.

मांडव चांगला सजला होता. भिवंडीकडची धवलारीण जुनी, गळ्याची गोड. तिनं देव बोलावले, एकवीरा बोलावली, गावदेवी बोलावली. मग घरातले पितर. परक्या धवलारणीला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, म्हणून रामनाथनं आदल्या दिवशी तिला सगळं पाठ करवून दिलं होतं. आजा, आजी, बाप, आई, मग बापाची भावंडं. बापाच्या पिढीतलं आता कोण उरलंय, असा विचार करून त्यानं भावंडं ओळीनं सांगून टाकली होती. धवलारीण प्रत्येकाला हाक घालत होती: स्वर्गातून उतरा, लेकीच्या हळदीला या, मांडवाखाली बसा. एक काका झाला, दुसरा काका झाला, आणि मग तिनं तितक्याच गोड गळ्यानं स्वर्गातून कृष्णाबाईला हाक मारली.

कृष्णाबाई मांडवातच बसली होती. रामनाथची सख्खी आत्या, ऐंशीच्या पलीकडची, फार वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. मागच्या पडवीत तिचा बिछाना. जेवणाचं ताट तिकडेच जायचं. ती बोलली काय, न बोलली काय, विचारतो कोण? मांडवासाठी म्हणून दोन सुनांनी तिला हाताला धरून पुढे आणून बसवलं होतं. तिचे कान मात्र ठणठणीत होते.

"कोनाला बोलावते गो?" ती ओरडली. "मी हाय अजून जित्ती!"

गाणं थांबलं. कोणाला हसू आवरेना, कोणी वळून रामनाथकडे पाहू लागलं. भिवंडीची धवलारीण घाबरून म्हणाली, "मना नावा दिली ती मी घेतली." रामनाथ गोरामोरा होऊन आत्याची समजूत घालायला वाकला, "चुकून झाला आते, ऱ्हाव दे."

"चुकून? माजे बापाच्या घरान मना मारून टाकली, आन चुकून?" आत्यानं काठी आपटली. "मना मेल्याचा आवतन देलाय, आथा मना परत बोलवा. जित्त्या मानसान परत घेतल्याबिगर मी हलाची नाय, आन पोरीला हलद लागाची नाय." आणि जिथे नवरीचा पाट मांडायचा, नेमकं त्याच जागी ती फतकल मारून बसली.

पितरांच्या आवतणातून माणूस असं परत घेण्याची रीत खरोखरच होती, की कृष्णाबाईनं ती तिथल्या तिथे रचली, यावर पाड्यात अजून एकमत नाही. पण ऐंशी वर्षांची बाई रीत सांगते तेव्हा तिला खोटं कोण म्हणणार? भिवंडीची धवलारीण म्हणाली, मला असं गाणं येत नाही. आत्या म्हणाली, "तुना नाय येनार. चांगुनाला बोलव. या घरान मना ती एकलीच रोज इचारते, आते जेवलीस कं."

रीमा हळदीची साडी नेसून दारात उभी, पाहुणे कुजबुजताहेत, विघ्नेशचा कॅमेरा काय टिपावं ते न कळून मांडवाच्या झालरीकडे रोखलेला. रामनाथ चांगुणाच्या उघड्या दाराशी आला.

"चल," तो म्हणाला. "आते आयकत नाय. पन पदर घे, येवरा तरी कर. सगला गाव हाय."

"पदर घेवून नाय येनार."

"चांगुना, माजी इज्जत..."

"तुमची इज्जत माज्या तोंडावर कनाला बांदता?" ती म्हणाली. "मी येवरी वरसा झाकला. तुमाना बरा वाटाव म्हनून. मना कवा इचारला?"

मांडवातून आत्याची काठी पुन्हा ऐकू आली. रामनाथनं वाटेतून बाजूला होऊन तिला जागा दिली. दुसरं काही करण्यासारखं त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

चांगुणा मांडवात आली तेव्हा हात सवयीनं वर गेला होता. पदराची किनार ओठांना लागली. ती तशी क्षणभर थांबली, आणि सगळ्यांनी ते पाहिलं. मग तिनं पदर ओढून कमरेला खोचला, घट्ट, भात लावायला चिखलात उतरताना खोचतात तसा, आणि आत्यापुढे पाटावर बसली.

ते तोंड सुंदर नव्हतं. दात अजून पुढेच होते, काढलेल्या दातांच्या जागी फटी पडल्या होत्या, आणि त्या सगळ्यावरून चकाकणारी तार गेली होती. एक पोर किंचाळलं, "चांगुनाकाकीला चांदीचे दात!" पाहुण्यांतला एक जण फिस्सकन हसला. चांगुणाला ते ऐकू गेलं, तिच्या मानेपर्यंत रक्त चढलं, आणि तिनं तोंड होतं त्याहून मोठं उघडून पहिला सूर लावला.

तिनं कृष्णाबाईला वाटेवरून परत बोलावलं. जुना धवला नव्हता, तिथेच जोडत गेली. ये गो आते, अजून तुझ्या ताटात भात वाढलाय, अजून तुझा बिछाना ऊन आहे, अजून तुझ्यावाचून लेकीला हळद कोण लावणार. स आणि च शिट्टीसारखे वाजले, तिनं वाजू दिले. तार टोचून खालच्या ओठाला रक्त आलं, ते तिनं हाताच्या मागल्या बाजूनं पुसलं आणि पुढची ओळ घेतली. आधी भिवंडीच्या धवलारणीनं मागून साथ धरली, मग नळावरच्या बायांनी, हंडेवालीसकट. कृष्णाबाई रडत होती. आपल्याला कोणी एवढं आग्रहानं बोलावलंय, असं तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच होत होतं. गाणं संपलं तशी ती उठली, ताटातली हळद घेतली आणि सगळ्यांच्या आधी, आपल्या सुरकुतल्या विधवेच्या हातानं, रीमाच्या गालाला लावली. कोणीतरी "आते, तू..." असं म्हणायला गेलं, पण रीमानं दुसरा गाल पुढे केला होता.

मग मांडवात गलका झाला, बाकीच्या बाया हळद लावायला सरसावल्या. रामनाथ चांगुणाजवळ आला. त्याचा आवाज खाली होता, जवळजवळ विनवणीचा.

"बरा गायलीस. आथा नवऱ्याकरची मानसा येतील, त्यांना घ्याला तूच जा. पन आथा तरी पदर घे."

चांगुणा उठून उभी राहिली. जवळ उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "भावजी, माजा आवाज पायजे तं माजा तोंड पन बगाव लागल."

नवऱ्याकडची माणसं वाजतगाजत मांडवाच्या दाराशी येऊन थांबली होती, धवलारीण गाऊन आत घेईल याची वाट पाहत. ती त्यांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली, आणि तिनं तोंड उघडलं.